ग्रेन्नाच्या गोळी-कारखान्यात ३८ जण: एका सहलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

स्वीडनमधल्या एका शहरात आमचं छोटं मराठी मंडळ आहे. गणपती, संक्रांत आणि उन्हाळ्यातली एक दिवसाची सहल, एवढाच पसारा. जूनमध्ये बऱ्याच घरी भारतातून आईवडील आलेले असतात, म्हणून सहल तेव्हाच ठेवतो. त्या वर्षी ठरलं ग्रेन्ना, आणि तिथला पेपरमिंटच्या गोळ्यांचा एक कारखाना. ओळख पटू नये म्हणून माणसांचे काही तपशील बदलले आहेत. कारखान्याचं नाव दिलेलं नाही. त्याची गरजही नाही, कारण चुका बहुतेक आमच्याच होत्या.

बसमध्ये ३८ जण होते: ११ मुलं, ७ आजीआजोबा, बाकी आम्ही. संयोजक तिघं. एकाकडे बस, एकीकडे खाणं, माझ्याकडे बुकिंग.

ग्रेन्ना हे वेटर्न तलावाच्या काठावर, डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं गाव. यन्शपिंग शहरापासून उत्तरेला साधारण ४० किलोमीटर. पेर ब्राहे नावाच्या सरदाराने ते १६५२ मध्ये वसवलं आणि गावाच्या मुख्य रस्त्याला आजही त्याचंच नाव आहे. या रस्त्यावर दोन्ही बाजूंना जुनी लाकडी घरं, आणि दर थोड्या पावलांवर पुदिन्याचा वास. कारण ग्रेन्ना ओळखलं जातं ते पोल्काग्रिससाठी. पांढऱ्या कांडीवर लाल पिळाच्या पट्ट्या, चव पेपरमिंटची. पोल्का हा त्या काळी गाजलेला नाच, आणि ग्रिस म्हणजे खरं तर डुक्कर, पण जुन्या बोलीत गोळीलाही म्हणत. हे ऐकून आमच्या बसमधल्या आजोबांनी जो चेहरा केला, तो सहलीचा पहिला फोटो.

या गोळीची कहाणी अमालिया एरिक्सन या बाईपासून सुरू होते. लग्न झालं आणि लगेच नवरा गेला, पदरात मुलगी. १८५९ मध्ये तिने नगर प्रशासनाकडून बेकरीचे जिन्नस आणि पोल्काग्रिस करून विकण्याची परवानगी मिळवली. १९२३ मध्ये ती वारली, तोवर गावाचं नाव या गोळीशी कायमचं जोडलं गेलं होतं. आज गावात असे कारखाने बरेच आहेत, आणि २०२२ पासून ग्रेन्नाच्या पोल्काग्रिसला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही आहे. बहुतेक कारखाने म्हणजे पुढे दुकान, मागे भट्टी आणि मध्ये काच किंवा कठडा. कारखाना म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं, त्यातलं तिथे काही नसतं.

आमचा दिवसाचा आराखडा असा होता: सव्वादहाला ब्राहेहुस, साडेअकराला गोळी-कारखाना, जेवण, मग ध्रुवप्रवासाचं संग्रहालय, आणि तीनच्या सुमारास विसिंग्से बेटावर जाणारी बोट. कागदावर फार सुंदर दिसत होता.

काय बिघडलं

बस २५ मिनिटं उशिरा सुटली. वाटेत आणखी वेळ गेला आणि ब्राहेहुसला पोचायला जवळजवळ अकरा वाजले. ब्राहेहुस म्हणजे ग्रेन्नाच्या वरच्या अंगाला, महामार्गाला लागूनच असलेला पडका वाडा. १७०८ च्या आगीत जळाला, दगडी भिंती उरल्या. रिकाम्या खिडक्यांतून खाली सगळा तलाव दिसतो. डबे उघडले, फोटो सुरू झाले, आजीआजोबांना बाक सापडले. तिथून गाव गाडीने दहा मिनिटांवर. साडेअकराची वेळ गाठता येणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. कारखान्याचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. मी फोन केला नाही.

का नाही केला, याचा नंतर मी बराच विचार केला. एक तर "पोचतोच आहोत" ही आपली सवय. पण खरं कारण वेगळं होतं. मी त्या वेळेकडे संग्रहालयाच्या तिकिटासारखं पाहत होते: उशीर झाला तर आपलाच वेळ कमी होईल, बाकी भिंतीवरची चित्रं कुठे पळून जातात? इथे भिंतीवर चित्रं नव्हती, भट्टीवर पाक होता.

आम्ही बारा वीसला दारात उभे राहिलो तेव्हा कारखान्याच्या बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुमचा घाणा साडेअकराला ओतायला तयार होता. तो कापूनही झाला." आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच जास्त लागलं. पुढचा घाणा पावणेएकला चढणार, सव्वाच्या सुमारास ओतला जाणार. दोन वाजता दुसरा गट ठरलेला. आणि कठड्याजवळ एका वेळी जास्तीत जास्त १५ माणसं. ही १५ ची मर्यादा त्यांच्या ईमेलमध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती. मी ती वाचली होती, आणि "होईल काहीतरी" म्हणून सोडून दिली होती.

समोरचे पर्याय

बसच्या दाराशी आम्ही तिघांनी चार-पाच मिनिटांत विचार केला. बाकी कोणाला विचारलं नाही. ३८ जणांना विचारायला गेलो असतो तर पुढचा घाणाही थंड झाला असता, हे आमचं समर्थन. ते अर्धंच खरं आहे.

सगळ्यांनी एकदमच आत जायचं, थोडं दाटीवाटीने, हा पहिला विचार. बाईंनी ठाम नाही म्हटलं आणि ते बरंच झालं. दुसरा पर्याय, आपलं बुकिंग सोडून द्यायचं आणि रस्त्यावरच्या इतर कारखान्यांत तीन-तीन, चार-चार जणांनी जमेल तसं डोकवायचं. ग्रेन्नात हे सहज शक्य आहे. पण या बाईंनी आमच्यासाठी एक घाणा आधीच काढला होता. पाठ फिरवणं बरं दिसलं नसतं. तिसरा, फक्त मुलांना दाखवायचं. मग ज्या आजीआजोबांसाठी सहल जूनमध्ये ठेवली, त्यांनी रस्त्यावर बसून राहायचं? चौथा, दोन फेऱ्या करायच्या: सव्वाला एक, पावणेतीनला दुसरी, आणि बोट सोडायची.

चौथा निवडला. पहिल्या फेरीत ११ मुलं आणि चार पालक. दुसऱ्या फेरीत सातही आजीआजोबा आणि आम्ही आठ जण. उरलेल्या आठांनी आपण होऊन संग्रहालय निवडलं. ते आंद्रे या ग्रेन्नाच्याच माणसाचं, जो १८९७ मध्ये बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि परतला नाही. अवशेष सापडले ते १९३० मध्ये. त्या आठांनी नंतर सांगितलं की दिवसातली सर्वांत चांगली गोष्ट त्यांनीच पाहिली. असो.

त्या क्षणी ही विभागणी मला फार न्याय्य वाटली: मुलं एकत्र, वडीलधारी एकत्र. तीच पुढे नडली.

पहिली फेरी

आधी तिथे काय चालतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. साखर, पाणी आणि थोडं व्हिनेगर मोठ्या भांड्यात उकळतात. व्हिनेगरमुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो आणि पाक परत रवाळ होत नाही. आपण पाकात लिंबू पिळतो ते याचसाठी. तापमान १५० अंशांच्या आसपास गेलं की पाक तेल लावलेल्या थंड टेबलावर ओततात. तेव्हा तो मधाच्या रंगाचा आणि काचेसारखा असतो. कडा आत दुमडत राहायचं, जरा निवला की पेपरमिंटचं तेल, कारण फार गरम असताना घातलं तर वास उडून जातो. एक छोटा गोळा बाजूला काढून त्यात लाल रंग. उरलेला मोठा गोळा आकड्यावर टाकून ओढायचा, परत टाकायचा, परत ओढायचा. दोन-तीन मिनिटांत तो मधाचा रंग जाऊन गोळा पांढराशुभ्र होतो. पांढरा रंग कोणी घालत नाही. आत शिरलेल्या हवेचे बारीक बुडबुडे उजेड परतवतात, एवढंच. मग पांढऱ्या जाड लोडावर लाल पट्ट्या बसवायच्या, एका टोकाकडून दोर ओढत न्यायचा, पीळ द्यायचा, कात्रीने कापायचं. हे सगळं पाक मऊ आहे तोवर. उशीर झाला की लोड फुटतो, सांधत नाही.

मुलं अक्षरशः गप्प होती. पीळ देताना बाईंनी कापलेला एक तुकडा टेबलाच्या कडेला घरंगळला. सात वर्षांच्या एका मुलाने कठड्यावरून हात घालून तो उचलला. बाहेरून कडक दिसतो, आत अजून चांगलाच तापलेला असतो, आणि ओढलेली साखर बोटाला चिकटते. तो ओरडला, हात झटकला, तुकडा सुटला नाही.

बाईंनी त्याला पहिल्यांदा नळाखाली नेलं. तुकडा ओढून काढू दिला नाही. पाण्याने साखर विरघळून तो आपोआप सुटला. २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात. एका काकूंनी पर्समधून टूथपेस्ट काढली होती, दुसऱ्या म्हणत होत्या बर्फ लावा. दोन्ही थांबवावं लागलं. ११७७ या आरोग्य सल्ल्याच्या नंबरवर फोन केला, त्यांनी विचारलं ते सांगितलं. बोटाच्या टोकावर एक फोड, त्यापलीकडे काही नाही.

सुरुवातीलाच बाईंनी सांगितलं होतं की टेबलावरच्या कशालाही हात लावायचा नाही. स्वीडिशमध्ये सांगितलं, मग इंग्रजीत. मोठ्या मुलांना दोन्ही कळतं. हा मुलगा तीन महिन्यांपूर्वी भारतातून आला होता. मराठीतून त्याला कोणी सांगितलं नाही. त्याची आई तिथेच होती, पण फोनवर चित्रीकरण करत होती. चारपैकी तीन पालक तेच करत होते, आणि त्यांना दोष द्यायला मी तिथे नव्हतेच; मी बाहेर जेवणाची पानं वाढत होते.

दुसरी फेरी आणि लाल पट्टा

पावणेतीनला आजीआजोबा आत गेले. या वेळी सगळं सुरळीत झालं. भांड्यातल्या पाकाकडे बघून एक आजी म्हणाल्या, "हा गोळीबंदच्याही पुढे गेला की गं," आणि बाईंना ते भाषांतर करून सांगितल्यावर त्या इतक्या खूश झाल्या की आजींना थर्मामीटर हातात धरायला दिला.

कापून झाल्यावर कोमट तुकडे वाटले. याच आजींनी मला विचारलं, "हा लाल रंग कशाचा गं?" त्या कडक शाकाहारी, अंडंही चालत नाही. मी म्हणाले, "खायचाच रंग असतो, आजी." त्यांनी तुकडा तोंडात टाकला.

मी खोटं बोलले नव्हते, पण मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं बोलले. सहलीच्या आधी मी ईमेलमध्ये विचारलं होतं, "जिलेटिन किंवा अंडं असतं का?" उत्तर आलं, "नाही." ते शंभर टक्के खरं होतं. माझ्या डोक्यात शाकाहाराचा प्रश्न तिथेच मिटला. पैसे देताना सहज पाकीट उलटं केलं. घटकांमध्ये कार्मिन, ई १२०. हा रंग कोशिनील नावाच्या किड्यांच्या वाळवलेल्या माद्यांपासून काढतात. सगळे कारखाने हाच वापरतात असं नाही, पण इथे तोच होता. पाकिटावर स्पष्ट छापलेलं होतं. हातात वाटलेल्या तुकड्यावर कुठलं लेबल?

सहलीतला सर्वांत अवघड निर्णय इथे होता. माझा सहसंयोजक म्हणाला, "आता सांगून काय उपयोग? खाऊन झालं. त्यांच्या जिवाला लागेल." त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आजींच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, तर तोही म्हणाला, "नको सांगूस, मी घरी गेल्यावर बघतो." पण आजींच्या पिशवीत सहा पाकिटं होती. भारतात नेऊन वाटायला, आणि त्यातलं एक देवापुढे ठेवायला, हे त्या मघाशीच सगळ्यांना सांगून बसल्या होत्या. खाल्लेल्या तुकड्याबद्दल गप्प राहणं एक वेळ दयेत बसलं असतं. ही सहा पाकिटं त्यांना तशीच नेऊ देणं ही सरळ फसवणूक झाली असती.

बस सुटायच्या आधी मी आजींशेजारी जाऊन बसले आणि सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मघाशी मी खाल्लं ते?"

"हो आजी. मला विचारून घ्यायला हवं होतं. मी न विचारताच सांगितलं."

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. कारखान्याच्या बाईंनी पाकिटं एका शब्दाने न विचारता परत घेतली आणि बदल्यात बिनरंगी, नुसत्या पांढऱ्या कांड्या देऊ केल्या. आजींनी त्या घेतल्या नाहीत. मुलगा माझ्यावर चिडला, आणि परतीच्या प्रवासात आमच्या बाजूच्या चार रांगांत कोणी गाणी म्हटली नाहीत.

परिणाम

बोट हुकली ती हुकलीच. विसिंग्से बेट आम्ही धक्क्यावरूनच पाहिलं. तीन घरांनी नंतर स्पष्ट सांगितलं की बेटासाठीच आलो होतो, आणि न विचारता ते रद्द केल्याचा त्यांना राग होता. मुलाचं बोट आठवड्यात बरं झालं. काही ज्येष्ठांनी क्रोनरच्या नोटा आणल्या होत्या आणि दुकानात फक्त कार्ड चालत होतं, ही किरकोळ गोष्ट, पण पुढच्या वेळी आधी सांगायला हवी.

मी कारखान्याला माफीचं ईमेल पाठवलं. उत्तरात बाईंनी लिहिलं की घाणा वाया गेला नाही, विकला गेला. पण ११ वाजता फोन आला असता तर त्यांनी भांडं उशिरा चढवलं असतं. वाटलेल्या तुकड्यांजवळ घटकांची पाटी ठेवायला हवी होती हेही त्यांनी मान्य केलं.

आता करायचं तर

क्रम उलटा करायला हवा होता. ब्राहेहुसच्या भिंती तीनशे वर्षं उभ्या आहेत, दुपारीही तिथेच असतात. पाकाची वेळ आधी, बाकी सगळं तिच्याभोवती. आणि उशीर होतोय हे कळलं त्या मिनिटाला फोन.

गट वयाने न पाडता हातांनी पाडायला हवा होता. एका मुलामागे एक मोठं माणूस, शक्यतो ज्याच्या हातात फोन नाही असं. त्या दिवशी आमच्याकडे अशी सात माणसं होती आणि आम्ही ती सगळी दुसऱ्या फेरीला ठेवली. ज्या आजी नुसत्या नजरेने पाक ओळखतात, त्यांच्याशेजारी तो मुलगा उभा असता तर त्याचा हात कठड्यापर्यंत गेलाच नसता असं मला वाटतं. शिवाय आत गेल्या गेल्या एका वाक्यात मराठीतून सूचना. हे इतकं साधं आहे की लिहायला लाज वाटते.

शाकाहाराचा प्रश्न विचारताना एकेका पदार्थाचं नाव घेऊन विचारू नये. "जिलेटिन आहे का" याला "नाही" एवढंच उत्तर मिळतं. आता मी सगळ्या घटकांची यादी मागवते, रंगासकट, आणि चाखायला देणार असाल तर त्याचीही. यादी आली की मंडळाच्या गटावर टाकते, ज्याने त्याने आपलं ठरवावं.

चुकलेल्या माणसानेच जाऊन सांगायचं, की घरच्यांवर सोपवायचं, यावर आम्हा तिघांचं अजून एकमत नाही. सहसंयोजकाचं म्हणणं, मुलाने नको म्हटल्यावर मी थांबायला हवं होतं. माझं म्हणणं, प्रश्न आजींनी मला विचारला होता.

पुढच्या जूनमध्ये त्या पुन्हा आल्या होत्या. सहलीला आल्या नाहीत. गुडघा दुखतो, असं मुलगा म्हणाला.